वाळूचं टायर आणि डांबरी रस्ता

अहो, तुमचा तेरावा झाला त्या दुपारी घरात भांडण लागलं, आणि कशावरून म्हणाल तर टायरवरून. तुम्ही असतात तर मध्ये उडीच घेतली असतीत. पाव्हणे जेवून उठले होते, पत्रावळी गोळा होत होत्या, आणि तुमच्या धाकट्या भावानं, बाळूभाऊजींनी, तुमची फटफटी अंगणात काढली. वाकलेलं हँडल त्यांनी मधल्या दिवसांत सरळ करून आणलं होतं. मागचं चाक काढून भिंतीला टेकवलं, एका हातात तुम्ही कापलेलं ते ठोकळ्यांचं टायर आणि दुसऱ्या हातात साधं टायर धरलं, आणि मला म्हणाले, "वयनी, सोमवारी तुमाला नदीपतुर मी सोडतो. ह्यातलं कंचं घालू तेवडं सांगा."

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई आतून आल्या. "कंचंच नगं," म्हणाल्या. "ती गाडी घाल भंगारात. आन् हिला म्हनावं नोकरी सोड. नदीपल्याडच्या बाळंतिणी हिच्यावाचून अडल्यात व्हय? हिच्या नोकरीपायी माजा ल्योक गेला." बसलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. भाऊजी म्हणाले, "आयं, नोकरीचं नाव कशाला घेतीस? त्या म्हाताऱ्यानं रस्त्यावर करडई पसरली म्हनून गेला दादा." आणि मी मनात म्हणत होते, ह्या टायरापायी गेलात. हातातलं ते काळं धूड दिसलं की माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

आज सोमवार. मी पल्याडच्या गावात उपकेंद्राच्या ओट्यावर बसून हे लिहितेय. नर्सबाईला रिपोर्ट लिहायची सवय, असलं लिहायची नाही. पण पोटातलं बाहेर काढायला इथं दुसरं कोण आहे? इथल्या बायका अर्ध्या कन्नड, अर्ध्या मराठी बोलतात. मला बघून डोळ्यांना पदर लावतात आणि आपापल्या कामाला जातात. शेवटी टायर कुठलं घातलं ते सांगते. पण त्याआधी मला तुमच्याशी भांडायचंय, कारण आपलं भांडण अर्धंच राहिलं.

तुम्हाला आठवतंय ना, ही नेमणूक आली तेव्हा सगळ्यांनी एकच धोशा लावला होता, बदली करून घ्या म्हणून. पावसाळ्यात होडी, आणि दिवाळी झाली की भीमा बारीक होत एका कडेला सरकते, उरते ती नुसती वाळू. ह्या काठापासून त्या काठापर्यंत वाळू. औषधाची पिशवी, हत्यारांचा डबा आणि आठवड्याचं पीठ घेऊन त्यातून चालायचं म्हणजे बाईचं काम नव्हे, असं तुमच्या घरचेही म्हणाले आणि माझ्या माहेरचेही. तुम्ही एकटे म्हणालात, "मग काय बाळंतिणीला सांगायचं, नदी वलांडून ये आन् मग बाळंत हो?" आणि पुढच्या आठवड्यात ही फटफटी घेऊन दारात हजर. कुठल्याशा कंत्राटदाराच्या छपरात पडली होती. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या, ते तुम्ही कौतुकानं सांगितलंत. मी म्हटलं, नवरा खुळा झाला.

सोमवारी पहाटे सोलापुरातून निघायचं, मंगळवेढ्याच्या डांबरी रस्त्यानं जायचं, मग बाभळीपाशी वळून कच्च्या वाटेनं नदीवर. वाळू ओलांडून मला सोडायचं आणि एकट्यानं माघारी येऊन दहाच्या आत कामावर. शनिवारी परत न्यायला यायचं. असं ठरलं. आणि पहिल्याच सोमवारी आपण वाळूत असे आपटलो की यंव. साधं टायर, त्यात टम्म हवा. चाक जागच्या जागी गरगर फिरलं, आपलं आपणच खड्डा खणत आसापर्यंत खाली गेलं, आणि गाडी कलली. हत्यारांचा डबा उघडला. कात्र्या, चिमटे, उकळून ठेवलेल्या सुया, सगळं वाळूत. मी पदरानं वाळू चाळत बसलेली, आणि तुम्ही? तुम्ही पोटावर पालथे पडून चाकानं केलेला खड्डा बघत होतात.

"अहो, मला लागलंय!"

"थांब की जरा. हे बघ, टायरनं वाळू धरलीच न्हाय. नुसती मागं फेकली."

मला हसावं का रडावं कळेना. बायको पडलीय, तिचं कोपर सोललंय, आणि ह्या माणसाला वाळूची काळजी. पण तिथून तुमच्या डोक्यात जे शिरलं ते शेवटपर्यंत निघालं नाही. तुमचं काम रिसोलिंगचं. झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवायचं, साच्यात घालून वाफेवर भाजायचं. दिवसभर ट्रकांची टायरं, एस.टी.ची टायरं. त्यात कुणी वाळूच्या टायराची फर्माईश कशाला करतंय? सोलापुरात डांबर आणि काळी माती. वाळू लागते ती गवंड्याला. तुम्हाला मात्र माझ्यामुळं लागली.

तुमचे मेस्त्री म्हणाले, झिजून गुळगुळीत झालेलं रुंद टायर घाल आणि हवा काढ, ते पसरून चालेल. ते घातलंत. सकाळी दवानं वाळू ओलसर होती तोवर छान चाललं, तुमच्या मिशा वर झाल्या. शनिवारी दुपारी मला न्यायला आलात तेव्हा कोरड्या वाळूत तेच टायर असं घसरलं, जसा ज्वारीच्या राशीत पाय घालावा. मग कुणीतरी सांगितलं, चाकाला काथ्याचा दोर गुंडाळा. गुंडाळलात. नदीच्या मध्यात दोर तुटला, साखळीत गेला, आणि आपण दोघं भर उन्हात दात-नखं लावून तो सोडवत बसलो. मी त्या दिवशी तुम्हाला काय काय बोलले! एक मेंढपाळ मेंढरं घेऊन चालला होता, तो थांबून ऐकत होता. जाताना तुम्हाला म्हणाला, "दादा, बाई बरोबर बोलतीया." तुम्ही त्यालाच टायर दाखवायला लागलात. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि माझी परात? ती कशी विसरेन? मी भाकरीचं पीठ चाळून ठेवलं होतं. तुम्ही कामावरून आलात, पिशवीतून टायराचे कापलेले तुकडे काढले आणि एकेक त्या पिठात दाबायला लागलात. कुठला ठसा कसा उठतो ते बघायला! "हे बघ शांता, ह्या बारीक नक्षीत पीठ अडकून बसतंय. एकदा भरली की नक्षी असून नसल्यासारखी. फट मोठी पायजे, बोटभर. पीठ धरलं पायजे आन् सोडलंबी पायजे." मी लाटणं घेऊन उभी. आत्याबाई म्हणाल्या, ह्याला कुणाची तरी नजर लागलीय. ते पीठ मी कोंबड्यांना घातलं. कोंबड्यांनीसुद्धा आधी वास घेतला.

पण खरं ते खरं. त्या पिठातनंच तुम्हाला ते सापडलं. ट्रकच्या टायराचं जाड रबर घेऊन तुम्ही मागच्या टायरावर चढवलंत, आणि सुट्टीच्या दिवशी सुरी तापवून तापवून त्यात ठोकळे कापलेत. आडवे, उंच, मध्ये बोटभर फट ठेवून. बोटं भाजली, घरभर जळक्या रबराचा वास. पुढच्या चाकालाही तसंच करणार होतात. मी म्हटलं, पुढचं चाक ढकलायला नसतं, वळायला असतं, त्याला लांब रेघांचं राहू द्या. हे मी काही शिकून सांगितलं नव्हतं. मागं बसून बसून माझी कंबर सांगत होती, पुढचं चाक कुठं भरकटतंय ते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आणि पुढचं रेघांचंच ठेवलंत. त्या आठवड्यात शेजारपाजारी सगळ्यांना सांगत फिरलात की पुढचं टायर आमच्या सिस्टरबाईंनी निवडलंय. मला लाज वाटली. बरंही वाटलं. तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

त्यानंतर बाभळीखाली थांबायचं. तुम्ही मागच्या चाकाची हवा सोडायचात, टायर अंगठ्यानं दाबून दाबून. फार सोडली की टायर रिंगवर सरकतं आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो, हे मला इतक्या वेळा सांगितलंत की मी झोपेत म्हणून दाखवीन. मग म्हणायचात, "बस. मागं सरून बस, पाय वर घेऊ नगस, आन् मला गच्च धर." गाडी वाळूत शिरायची. मध्येच थांबायचं नाही, ब्रेक लावायचा नाही, एकसारखं जात राहायचं. ते ठोकळे वाळूला धरायचे, सोडायचे, धरायचे, सोडायचे, आणि आपण पल्याड. पहिल्यांदा न पडता पोचलो तेव्हा मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात, "तू मागं असलीस की चाक वाळू धरतंय. एकटा परत जाताना ही गाडी माजं ऐकत न्हाय."

लोक बायकोला काय काय म्हणतात. तुम्ही मला वजन म्हणालात, आणि मला ते गोड लागलं.

त्या टायरामुळं मी किती वेळा वेळेवर पोचले, हे मी आत्याबाईंना कसं सांगू? मेंढपाळाची ती बाई, जिचं मूल पायाकडून येत होतं, तो शुक्रवार आठवतो? मी रजेवर सोलापुरात होते. सकाळी निरोप आला आणि तुम्ही पाच मिनिटांत कामावरून गाडी घेऊन आलात. वाळू ओलांडताना मी डोळे मिटून घेतले होते, आणि तुम्ही ओरडत होतात, "डोळं उगड, पुढं बग, न्हायतर झोक जातोय." ते मूल जगलं. तुम्ही झोपडीबाहेर टायराची हवा बघत बसला होतात, रडणं ऐकू आलं तेव्हा उठून उभे राहिलात म्हणे. त्या बाईच्या सासूनं सांगितलं. माझ्या कामाला तुमच्याएवढं कुणी मानलं नाही. माझ्या बापानंसुद्धा नाही.

पण मी बोलत होते, आणि तुम्ही ऐकत नव्हतात, हेही तितकंच खरं. डांबरावर आलं की ते टायर वेगळं व्हायचं. घूंऽऽ करत राहायचं, दात हलायचे माझे. वळणावर गाडी अशी काही डचमळायची, जणू चाकाखाली दुसरंच काही आहे. उघडंच आहे, सगळं टायर टेकतच नव्हतं, नुसती ठोकळ्यांची डोकी टेकत होती. मी म्हटलं, "अहो, हे वाळूचं आहे, डांबराचं नव्हे. साधं टायर घाला. मी वाळूतून चालत जाईन."

"चालत? पिशवी, डबा, पीठ घिऊन? आन् तिकडं कुणी अडली असली तर?"

"आणि तुम्ही एकट्यानं ह्याच टायरावर डांबरानं माघारी येता त्याचं काय?"

"मी सावकाश येतो की. डांबराला काय हुतंय? डांबर म्हंजे आपलं अंगान."

हे भांडण आपलं दर आठवड्याला. कधी जेवताना, कधी गाडीवर, वाऱ्यात ओरडून. तुम्ही म्हणायचात दोन टायरं आळीपाळीनं घालू, बाभळीखाली चाक बदलू. एकदा करूनही बघितलंत. अर्धा तास गेला, मला उशीर झाला, तुम्हाला उशीर झाला, मालकाची बोलणी खाल्लीत. पुन्हा नाव नाही. हिशेब साधा होता, अहो. ते टायर घातलं की मी पडणार नाही. साधं घातलं की तुम्ही पडणार नाही. दोघांनी न पडायचं टायर तुमच्या मेस्त्रीकडंही नव्हतं. आणि दर सोमवारी तुम्ही माझ्या बाजूचं टायर घालून मोकळे व्हायचात. मी ओरडायचे, आणि मागं बसायचे. काय करणार होते? तुम्ही गाडी चालू करून उभे असायचात.

त्या शेवटच्या सोमवारीही तेच झालं. शिमगा जवळ आला होता. तुम्ही मला उपकेंद्राच्या दारात सोडलंत, पाणी प्यायलात, आणि जाता जाता म्हणालात, "शनवारी ठोकळं जरा कमी उंचीचं करून बगतो. तुजंबी खरं हाय थोडं." थोडं! मी म्हटलं, थोडं नव्हे, सगळं खरं आहे. तुम्ही हसलात आणि गेलात. मी आत जाऊन स्टोव्ह पेटवला, सुया उकळायला ठेवल्या. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. कशाला बघणार? शनिवारी येणारच होतात.

दुपारी एक माणूस सायकल हातात धरून वाळूतून आला. बसा म्हटलं तर बसेना. पाणी घ्या म्हटलं तर घेईना. मी कित्येकांच्या घरी अशी निरोप घेऊन उभी राहिलेय, मला ठाऊक आहे, माणूस कधी बसत नाही ते. त्यांनी तुम्हाला टेम्पोत घालून सोलापूरला नेलं होतं. मी पोचले तेव्हा तुमचं अंग गार झालं होतं. मी नाडी बघितली. मी नर्स आहे, दारातूनच कळलं होतं मला, तरी बघितली. पुन्हा दुसऱ्या हाताची बघितली.

लोक म्हणाले, हवा भरली नसेल. वाळूतनं आल्यावर बाभळीखाली हवा भरायचा कंटाळा केला असेल. मला ते पटवून घ्यायचं होतं, देवाशपथ सांगते. तुमची चूक असती तर मला तुमच्यावर मनसोक्त चिडता आलं असतं. पण भाऊजींनी गाडी आणली तेव्हा मी स्वतः टायर दाबून बघितलं. पुरी हवा. पंप जागच्या जागी बांधलेला. तुम्ही नेहमीसारखं सगळं केलं होतंत. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाहीत.

दहाव्यानंतर तो म्हातारा आला. ज्याची करडई होती, तो. दारात उभा, पागोटं हातात घेऊन. भाऊजी अंगावर धावून गेले, आत्याबाईंनी हंबरडा फोडला. मी म्हटलं, येऊ द्या त्यांना. तसं म्हटलं तर त्यानं जगावेगळं काय केलं होतं? फाल्गुनात आपल्याकडं कोण रस्त्यावर पसरत नाही? तूर म्हणू नका, हुलगा म्हणू नका, करडई म्हणू नका. जाता-येता गाड्यांनी मळणी होते, बैल लागत नाहीत. माझ्या माहेरीही पसरतात. मी लहानपणी त्या पसरलेल्या तुरीच्या कडेला राखण करत बसलेय, आणि ट्रक आला की टाळ्या पिटल्यात.

म्हातारा म्हणाला, "बाई, त्यो सावकाशच आला हुता. मला बगून हात केला त्यानं. करडईवर गाडी आली आन् मागचं चाक येकदम आडवं झालं. दाणं लई गुळगुळीत आसत्यात, बाई. आमाला काय म्हाईत." मी विचारलं, काही बोलले का ते?

"बोलला की. म्या डोस्कं मांडीवर घेतलं तवा म्हनला, चाकाच्या ठोकळ्यात दाणं आडकल्यात का बगा. म्या बगितलं. म्हनलं, न्हाय बाबा, येकबी न्हाय. तर म्हनला, मग बरोबर हाय."

एवढंच. मग बरोबर हाय. पुढं काही बोलला नाहीत.

अहो, काय बरोबर आहे? बायकोचं नाव नाही, आईचं नाव नाही, देवाचं नाव नाही. रस्त्यावर पडलात आणि चाक का घसरलं ते बघत होतात! दाणे ठोकळ्यांत अडकले नाहीत, खालून गोट्यांसारखे फिरले, हे कळलं आणि तुमचं समाधान झालं. मला इतका राग आला की मी उठून आत गेले आणि पिठाच्या डब्यावर बसून राहिले. म्हाताऱ्याला चहा आत्याबाईंनीच दिला, शिव्या देत देत. तो रडत रडत प्यायला.

मग रात्रभर मनात तेच. आणि हळूहळू मला वाटायला लागलं, हा माणूस मरताना दुसरं काय विचारणार होता? त्याला पुढचं टायर करायचं होतं. माझ्यासाठी. माझं नाव घेतलं नाहीत, पण विचार माझ्याच प्रवासाचा चालला होता. असं मी स्वतःला समजावते. कधी पटतं, कधी वाटतं मी उगाच मनाची समजूत घालतेय. खरं काय ते तुम्ही सांगितल्याशिवाय कळायचं नाही, आणि आता ते व्हायचं नाही.

तर तेराव्याची ती दुपार. भाऊजी दोन्ही टायरं हातात घेऊन उभे. आत्याबाई दारात. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. भाऊजी म्हणाले, "वयनी, दादाचंच घालतो. तुमी वाळूत पडला तर दादा मला माफ करनार न्हाय." अगदी तुमचंच रक्त. तेच बोलणं, तीच मान वाकडी करायची सवय. अजून लग्न व्हायचंय त्या पोराचं. मला सोडून तोही एकटाच माघारी येणार, त्याच डांबरानं, आणि फाल्गुन सरत आला म्हणून काय झालं, अजून खळी चाललीतच की.

मी म्हटलं, "साधं घाला."

"आन् वाळू?"

"वाळू मी चालीन."

"वयनी, पिशवी केवडी हाय..."

"पिशवी माझी आहे. तुम्ही बाभळीपाशी मला सोडायचं आणि तिथनंच माघारी फिरायचं. वाळूत चाक घालायचं नाही." मग मी आत्याबाईंकडं वळले. म्हटलं, "आत्याबाई, नोकरी मी सोडणार नाही. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. पण ह्या दुसऱ्या लेकाला वाळूचं टायर मी घालू देणार नाही."

त्या आत गेल्या. आज पहाटे आम्ही निघताना मात्र बाहेर आल्या, वाकल्या, आणि मागच्या साध्या टायरावर अंगठा दाबून बघितला. त्यांना त्यातलं काय कळतंय? पण दाबला, आणि भाऊजींना म्हणाल्या, "दाणं दिसलं की उतर. ढकलत ने."

अहो, जिंकले मी. इतक्या आठवड्यांचं भांडण जिंकले, आणि समोर हरलेला माणूस नाही. असलं जिंकणं कुणाच्या वाट्याला येऊ नये. मला तुम्ही हरल्यावर तोंड कसं करता ते बघायचं होतं.

सकाळी डांबरावर गाडी गुमान चालली. ना घूंऽऽ, ना दात हलले. मी मागं बसून रडत होते, भाऊजींना कळू दिलं नाही. बाभळीपाशी उतरले. भाऊजी पिशवी द्यायला तयार नव्हते, मी ओढून घेतली. वाळूत उतरले आणि पावलागणिक तुमचं म्हणणं पटत गेलं. चालायला लई वेळ लागतो. पाऊल घालावं तर मागं येतं, पिशवीनं खांदा सोलतो, ऊन वर आलं की तळवे भाजतात. मी पोचले तोवर तपासायला आलेल्या बायका वाट बघून शेतावर निघून गेल्या होत्या. एक गरोदर बाई तेवढी भिंतीला टेकून बसली होती, पाय सुजलेले. तिला तपासलं. तिचे दिवस भरत आलेत. रात्री-बेरात्री मी सोलापुरात असताना तिचं काही झालं तर मी वेळेत पोचणार नाही. तुमच्या टायरावर पोचले असते. हे मला माहीत आहे. माहीत असून मी साधं टायर घातलं. आता सुट्टीसुद्धा इथंच काढीन म्हणते, तिचं होईस्तोवर.

दुपारी इथला दूधवाला सिद्धाप्पा एस.टी.नं सोलापूरला निघाला, तेव्हा त्याला म्हटलं, जाता जाता आमच्या घरी डोकावून या. काय विचारू म्हणाला. म्हटलं, काही विचारू नका, नुसतं बघून या.

मग मी कामाला लागले. सुया उकळल्या, फडकी वाळत घातली, खोली झाडली, पुन्हा झाडली. हे लिहायला बसले ते झाडायला दुसरं काही उरलं नाही म्हणून.

आत्ता, दिवस मावळायला, सिद्धाप्पा रिकाम्या किटल्या वाजवत आला. दारात थांबला. मी उठून उभी राहिले. तो पायरीवर बसला, घाम पुसला, आणि पाणी मागितलं.

"आक्का, तुमचं दीर सकाळीच पोचल्यात घरला."

"नीट?"

"व्हय की. नीट पोचल्यात."

अहो, त्या दिवशी कुणीतरी येऊन मला एवढंच सांगायला पाहिजे होतं.